सुलू, तो बाद न केलेला प्रश्न

सुलू,

तुझ्या दारात एका बाईनं मला विचारलं, "तुम्ही कोण?"

चपला काढून मी पायरीशी उभी होते. भिसेगावातलं तुझं घर मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. आत बायका दाटीवाटीनं बसल्या होत्या. विचारणारी बाई वाईट नव्हती. गर्दी झाली होती आणि घरच्या माणसांना पुढं घ्यायचं होतं. तेवढ्यात मागून वॉर्डातल्या सिस्टर म्हणाल्या, "या मॅडमच्या पेशंट आहेत." मी मान हलवली. मग मला अंगणात बसवलं. तिथं तुझे बाकीचे पेशंट होते.

माझ्या शेजारी एक म्हातारबाबा होते. सांगत होते, "बाईंनी माझी बिडी सोडवली. दर खेपेला तोंडाचा वास घ्यायच्या. आता वडली तरी वरडनार कोन?" आणि असं म्हणून रडायलाच लागले. प्रत्येकजण तुझं काही ना काही सांगत होता. माझी पाळी आली तेव्हा मी म्हटलं, "मला पन बाईंचंच औषध चालू हाय." तेवढंच.

घरी आल्यावर ह्यांनी विचारलं, "झालं दर्शन?" मी हो म्हटलं. खरं म्हणजे गर्दीत मला तुझे पाय दिसले फक्त. टाचांना भेगा होत्या. दुसऱ्याला पाय भिजवून ठेवा म्हणून सांगायचीस.

चौथीनंतर मी एवढं सलग काही लिहिलेलं नाही. कुणाला दाखवायचंही नाही. पण तुझ्या दारात जे बोलता आलं नाही ते कुठंतरी बोलायला पाहिजे, आणि एका प्रश्नाचं उत्तर तुला द्यायचं राहिलं आहे.

शाळेत मी बोलत नसे. गुरुजी विचारायचे, मला यायचं, आणि मी पाटीकडं बघत उभी राहायचे. मग तू उठायचीस. "गुरुजी, तिला येतंय, ती नुसती बोलत नाय." गुरुजी म्हणायचे, "मग तू का बोलतेस गं, तिची वकील हायस का?" चौथीनंतर तुझ्या मामांनी तुला खोपोलीला नेलं आणि माझी शाळा संपली. यात कुणाचा दोष नाही. पाचवीची शाळा लांब होती आणि आमच्या घरी दोन म्हशी होत्या. साजगावच्या बाजूला आपली शाळा होती तिथं मागं भातखाचरं होती, आता कंपन्यांचे पत्रे दिसतात. तू एकदा मुद्दाम गाडी वळवून बघून आलीस आणि मला म्हणालीस, "आपला बाक काय राहिला नसनार." मी म्हटलं, "बाक होता कधी? तरटावर बसायचो." तुला तेही मोठेपणी सुधारून घ्यायचं होतं.

पुन्हा भेटलो ते तुझ्या वॉर्डात. त्या वर्षी लावणीला वाकलं की माझा दम निघून जायचा. पळसदरीच्या आमच्या घराचा चढ चढताना दोनदा बसावं लागे. ह्यांनी मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात नेलं. सकाळी तू आलीस, मागं पोरापोरींचा घोळका. पांढरा कोट, चष्मा, केस कापलेले. मी ओळखलंच नाही. तू माझा कागद वाचलास, सासरचं नाव वाचून तुलाही काही कळलं नाही. मग विचारलंस, "माहेर कुठलं?"

मी सांगितलं. तू चष्मा काढलास.

"इमल?"

त्या नावानं मला हाक मारणारं कुणी राहिलं नव्हतं. आई गेली, भाऊ गेला. सासरी मी आधी नवी, मग वैनी, मग काकी. मी पलंगावर उठून बसले आणि मला खोकला लागला. तू मुलांकडं वळलीस.

"हिला लहानपणी सांधे सुजून ताप आला होता का, हे तुम्ही आता विचारणार. ती नाही म्हणेल, कारण तिला आठवणार नाही. मला आठवतंय. तिसरीत हिचे गुडघे सुजले, मग मनगटं. खूप दिवस शाळेत आली नाही. शाळेत सुखडी मिळायची, हिच्या वाटणीची मी खायची."

पोरं हसली. तू नाही हसलीस. त्या तापानंच माझ्या काळजातली एक झडप आखडत गेली, हे तू मला नंतर शांतपणे समजावलंस. दार अर्धंच उघडतं, आणि रक्त मागं तुंबतं, म्हणून दम. गोळ्यांनी काही दिवस निघतील. फुगा घालून उघडण्यापलीकडं ते गेलं आहे. झडप बदलावी लागेल, मुंबईला. तू सगळी सोय करशील.

मी म्हटलं, "बगू."

तेव्हापासून आपलं भांडण चालू झालं ते चालूच राहिलं.

गोळ्या लागू पडल्या, मी हिंडू फिरू लागले. मग तू मला परीक्षेला बोलवायला लागलीस. डॉक्टरकी शिकणाऱ्या मुलांच्या परीक्षेत खरे पेशंट लागतात हे मला तोवर माहीत नव्हतं. पलंगावर पडायचं, मूल येतं, विचारतं, नाडी बघतं, छाती ऐकतं, आणि मग परीक्षक त्याला प्रश्न विचारतात. माझ्या काळजाचा आवाज म्हणे नमुनेदार होता. तू म्हणालीस, "इमल, तू आमची ठेवनीतली केस हायस." सकाळी कॉलेजची जीप पळसदरी स्टेशनापाशी यायची. ह्यांना त्याचं कौतुक होतं. पारावर सांगायचे, "आमची ही डॉक्टरांच्या परीक्षेला जाते." कुणी चेष्टेनं विचारायचं, "पास झाली का?" हे म्हणायचे, "ती पास करते."

मुलं फार घाबरायची गं. तू वर्गात कशी असायचीस मला माहीत नाही, पण तुझं नाव काढलं की त्यांच्या हाताला घाम यायचा. एक मुलगा, नळी कानाला लावून माझ्या छातीवर फिरवतोय, फिरवतोय. मग हळूच म्हणाला, "मावशी, मला काहीच ऐकू येईना हो."

मी म्हटलं, "डाव्या कुशीवर घे मला. आणि नळीची बारकी बाजू लाव."

दरवेळी कुणी ना कुणी असं करायचं, तेव्हा एवढं मला पाठ झालं होतं. त्याला ऐकू आलं. त्याचा चेहरा असा खुलला की मलाच बरं वाटलं. मग तू आलीस आणि विचारलंस, आवाज कसा ऐकलास. पोरगं धडाधडा बोललं, "मॅडम, पेशंटला डाव्या कुशीवर घेऊन, बारकी बाजू लावून."

तू माझ्याकडं बघितलंस. मी खिडकीकडं बघितलं.

दुपारी तुझ्या खोलीचं दार लावून आपण जेवायला बसलो. हे आपलं ठरलेलं होतं. मी तांदळाच्या भाकरी आणि वालाचं बिरडं आणायची, कधी सुकटाची चटणी. तू दुसऱ्या खुर्चीवर पाय टाकून बसायचीस आणि तुझी भाषा बदलायची.

"परत फोडलास ना पेपर?"

"पोरगं थरथरत व्हतं गं."

"थरथरू दे की. उद्या पेशंट बेसुद असला म्हंजे कोन सांगनार हाय त्याला, बारकी बाजू लाव?"

"तेवाचं तेवा."

"तेवाचं तेवा! लाज नाय वाटत? चौथीत तोंड उघडत नव्हतीस, आता परीक्षा फोडतेस."

"तू पन मला सांगायचीस की. पाडे कोन सांगायचं खालून?"

"ते वेगळं."

"कसं वेगळं?"

ते कसं वेगळं हे तू मला कधी पटवू शकली नाहीस. मी अजून म्हणते, घाबरलेल्याला सांगावं. आधी सांगावं, मग शिकवावं. तुझं म्हणणं, सांगितलं की शिकायचं थांबतं. त्या दिवशी तू भाकरी मोडता मोडता म्हणालीस, "बरं. उत्तर तू सांगनारच. तुझ्या जागी दुसरी आनली तर ती पन सांगंल. मग उत्तराची परीक्षा घिऊन करू काय? प्रश्नच त्यांना काढाया लावते."

मला वाटलं चेष्टा करतेस. पुढच्या खेपेला आले तर खरंच तसं होतं. मोठ्या परीक्षेला बाहेरचे मास्तर येत, तिथं तुझं चालत नव्हतं. पण कॉलेजच्या आतल्या परीक्षेत तू चालू केलंस. मुलानं पेशंटपाशी बसायचं, बघायचं, बोलायचं, आणि मग एक प्रश्न काढायचा. तो प्रश्न दुसऱ्या मुलाला जायचा. मार्क दोघांना, काढणाऱ्याला जास्त. तुमच्यातले एक सर दारात उभे राहून म्हणाले, "मॅडम, तुम्ही चोरालाच कुलूप करायला सांगताय." तू म्हणालीस, "त्यालाच चांगलं करता येतं, सर."

पण पहिल्या वेळी पार फजिती झाली. पोरांनी आपसात जोड्या ठरवून घेतल्या होत्या. तू माझ्यासाठी सोपा प्रश्न काढ, मी तुझ्यासाठी काढतो. जेवताना तू चिठ्ठ्या वाचून दाखवल्यास. "झडप कुठली? झडप कुठली? हिनं लिवलंय, झडप कुठली आनि ती कुठं असते. हा बघ, ह्यानं फक्त 'झडप?' लिवलंय."

मी एवढी हसले की दम लागला आणि तू मला पाणी पाजलंस.

मग मी तुला आमच्या सोयरिकीची गोष्ट सांगितली. मला बघायला आले तेव्हा सगळ्यांनी विचारलं, नाव काय, शिकलीस किती, भात लावता येतो का. हे सगळं त्यांना आधीच ठाऊक होतं. विचारायचं म्हणून विचारलं. सासूबाई तेवढ्या म्हणाल्या, "तुला खायला काय आवडतं गं?" ते कुणालाच ठाऊक नव्हतं, माझ्या आईलासुद्धा नाही. त्या घरात जायचं हे मी तेव्हाच मनाशी ठरवलं.

तू खाणं थांबवलंस. "मग? काय आवडतं सांगितलंस?"

"नाय. लग्न झाल्यावर सांगितलं."

"येडी," म्हणालीस. आणि भाकरीचा तुकडा हातात घेऊन, "म्हंजे जो प्रश्न कुटल्या पन पोरीला चालंल तो प्रश्नच नव्हं."

पुढच्या परीक्षेला तुझा नवा नियम आला. ज्या प्रश्नाचं उत्तर पलंगावरच्या पेशंटकडं न बघता देता येईल, तो प्रश्न बाद. आणि काढणाऱ्यानं उत्तर बरोबर लिहून द्यायचं, पुस्तकातलं नाही, त्या पेशंटचं. एका दिवसात मुलं सरळ झाली नाहीत. कुरकुर झाली, वर तक्रार गेली असंही तू म्हणालीस. पण मला पलंगावरून फरक कळत होता. आधी मुलं माझ्या छातीशी बोलायची. आता माझ्याशी बोलायला लागली. घरी चढ आहे का, पाणी कोण भरतं, भात शिजवताना चुलीशी बसवतं का. मला अवघड व्हायचं. मी कमी बोलायची. पण कुणी घाईनं उठायचं नाही.

एका मुलानं प्रश्न काढला होता, मावशींना झोपायला किती उशा लागतात, आणि एक काढली तर काय होतं? तो तुला आवडला. दुसऱ्या एकीचा तर तू भिंतीवर लावून ठेवलास. मावशी बोलता बोलता मधेच थांबतात, ते दम लागतो म्हणून की लाजतात म्हणून? कसं ओळखाल? तो वाचून तू मला म्हणालीस, "ह्याचं उत्तर मलाबी सांगता येयाचं नाय. मी तुला हुबं आयुष्य बघितलंय."

हुबं आयुष्य कुठं, सुलू. चौथीपर्यंत आणि मग म्हातारपणी. मधलं सगळं आपण एकमेकींना तुझ्या त्या खोलीत भाकरी खाताना सांगितलं.

आणि मग निदाचा प्रश्न आला.

निदा खोपोलीची. वडिलांचं टायरचं दुकान. बारीक अंगाची, डोक्याला ओढणी, बोलायला माझ्यासारखीच कमी. माझ्यापाशी येऊन बसली. मग तिनं छाती ऐकली, पाय दाबून सूज बघितली, आणि नळी गळ्यात टाकून म्हणाली, "मावशी, मॅडम तुमच्या मैत्रीण आहेत ना?"

"हाय."

"मग त्या सांगतात तरी ऑपरेशन का नाही करत?"

मी हसले. काय करणार. ती लिहायला लागली.

दुपारी वॉर्डात, सगळ्या मुलांसमोर, तू तो मोठ्यानं वाचलास. "या पेशंटना ऑपरेशनचा फायदा समजला आहे. सोय आहे, घरचे तयार आहेत, डॉक्टरांवर विश्वास आहे. तरी त्या नको म्हणतात. का?" खाली उत्तराच्या जागी तिनं लिहिलं होतं, मला माहीत नाही, विचारल्यावर त्या हसल्या.

ज्याला तो प्रश्न गेला होता तो मुलगा म्हणाला, "भीती, मॅडम." तू म्हणालीस, "नाही. हिनं बिबट्या गुरगुरत असताना म्हैस सोडवून आणली आहे." तो म्हणाला, "मग अंधश्रद्धा?" तू नुसतं बघितलंस. तो म्हणाला, "घरी काम कोण करणार?" तू म्हणालीस, "दोन सुना आहेत." निदाला वाटलं आपण नापास. नियमानं तो प्रश्न बादच होता, उत्तर लिहिलेलं नव्हतं.

तू चष्मा काढून पुसलास. "उत्तर मलाही माहीत नाही," म्हणालीस. मुलांसमोर तुला असं कबूल करताना मी प्रथमच ऐकलं. मग माझ्याकडं वळलीस. "पेशंटनाच विचारू या. सांगता?"

मला तू सगळ्यांसमोर अहो-जाहो करायचीस. त्या दिवशी ते मला परकं वाटलं. सगळे माझ्याकडं बघत होते. मी पाटीकडं बघावं तशी चादरीकडं बघत राहिले. तू माझ्या वतीनं उत्तर देशील म्हणून वाट बघत होते, गुरुजींसमोर द्यायचीस तसं. पण या वेळी तुला येत नव्हतं.

"ठीक आहे," तू म्हणालीस. "प्रश्न बाद करत नाही. उत्तर यायचं आहे."

त्यानंतर दर भेटीत तू विचारायचीस. "काय गं, निदाचं उत्तर?" मी म्हणायची, "भाकर निवते, खा आदी." एकदा चिडलीस. माझ्या पायाला सूज आली होती, छातीत पाणी झालं होतं, भरती करावं लागलं होतं. पलंगाशी उभी राहून दबक्या आवाजात म्हणालीस, "मरशील हां इमल. माज्या डोळ्यादेखत मरशील आनि मी काय करनार, पोरांना दाखवनार?" आणि तरातरा गेलीस. सिस्टर म्हणाल्या, मॅडम कुणावर असं ओरडत नाहीत. मला माहीत होतं.

आता सांगते.

तू मला एकदा संक्रांतीच्या हळदीकुंकवाला कर्जतच्या भिसेगावला बोलावलं होतंस. मी आले नाही. सांगितलं की पाहुणे आले. पाहुणे नव्हते. मी घरी विचारलं तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "कर्जतला? हळदीकुंकवाला? कोन लागते ती तुजी?" रागानं नाही, साधंच विचारलं. मी म्हटलं, शाळेतली. त्या म्हणाल्या, "तेला किती वर्सं झाली." आणि विषय संपला. बहीण असती तर गेले असते, नणंद असती तर पाठवलंच असतं. मैत्रिणीला भेटायला जाते म्हणून आमच्याकडची बाई साडी बदलून घराबाहेर पडत नाही. पुरुषांना विचारत नाही कुणी. बायकांचं मैत्रीणपण लग्नापर्यंतचं.

एकदा तूच आमच्याकडं आलीस. आठवतं ना? मी पोहे करत होते, तेवढ्यात आळीत बातमी गेली. ज्याचा गुडघा दुखतो तो, जिची पाळी जात नाही ती, सगळे ओटीवर. तू पोहे हातात घेऊन नाड्या बघत बसलीस. जाताना गाडीतून म्हणालीस, "तुझ्याशी बोलायचंच राहिलं." मी काच वर होईपर्यंत हात हलवला.

पण परीक्षा म्हटलं की कुणी अडवत नसे. सासूबाई स्वतः म्हणायच्या, "जा, डॉक्टरांचं काम हाय, खोटी नको करू." जीप येते, आजार आहे, कागद आहे. म्हणजे तुझ्या खोलीतली ती जेवणाची वेळ मला या आखडलेल्या झडपेनं दिली होती. ती बदलली, मी बरी झाले, तर मला कोण बोलावणार? नमुनेदार आवाज गेल्यावर माझा काय उपयोग? मग तू भिसेगावात, मी पळसदरीला, आणि मधे काय एवढं अंतर आहे? काहीच नाही. पण ते मला ओलांडता आलं नसतं.

म्हणून नको म्हणत होते. हे मुलांसमोर कसं सांगणार? आणि तुझ्यासमोर तर त्याहून नाही. तू म्हणाली असतीस, "येडे, येवढ्यासाठी?" तुझ्यासाठी ते एवढंसंच होतं. तुझ्या दिवसात शंभर माणसं यायची.

तू गेल्यावर निदा आली. ती आता तिथंच डॉक्टर आहे. तुझ्या दारातून मी परत निघाले तेव्हा तिनं मला पाहिलं होतं म्हणे, गर्दीत गाठता आलं नाही. पुढच्या आठवड्यात स्कूटीवरून पळसदरीला आली. सासूबाई असत्या तर विचारलं असतं, कोण लागते. आता त्याही नाहीत. मी चहा ठेवला. ती चुलीपाशी पाटावर बसली आणि म्हणाली, "मावशी, मॅडमनी माझा प्रश्न बाद केला नव्हता. मला उत्तर पाहिजे."

आणि सुलू, मी सांगितलं. तुला कधी सांगितलं नाही ते त्या पोरीला चहा गाळता गाळता सांगितलं. इतकं सोपं होतं ते बोलणं. ती हसली नाही. कप खाली ठेवला आणि म्हणाली, "मावशी, तुम्हाला कुणी सांगितलं की झडप बदलली की परीक्षेला बोलवत नाहीत?"

"कुनी नाय. पन आजार गेला म्हंजे..."

"अहो, नवीन झडप धातूची असते. तिची टिकटिक होते. शांत खोलीत शेजारच्यालासुद्धा ऐकू येते. परीक्षेला तर तसले पेशंट आम्ही शोधत असतो. ऑपरेशन झालेल्यांना मॅडम मुद्दाम बोलवायच्या. तुमचं झालं असतं तर तुम्हाला आणखी जास्त वेळा बोलावलं असतं."

मी माझा कप उचलला तोवर चहा निवला होता.

एवढं एक वाक्य होतं. मी एवढ्या वर्षांत फक्त विचारायचं होतं, सुलू, बरी झाले तरी बोलावशील का? तू भाकरीचा घास गिळायच्या आधी उत्तर दिलं असतंस. तू मुलांना घसा कोरडा करून सांगत होतीस, उत्तर पाठ करू नका, आधी प्रश्न नीट काढायला शिका. मी पलंगावर पडून ऐकत होते. मला वाटलं ते त्यांच्यासाठी आहे.

मी ऑपरेशनला हो म्हटलं आहे. भातकापणी झाली की जायचं. निदानं मुंबईला बोलणं केलं आहे, तू ठरवून ठेवलेल्या डॉक्टरांकडंच. तुझ्या हट्टापुढं नमले असं समजू नको. नको म्हणायला जे कारण होतं, तुझ्या खोलीतलं आपलं जेवण, तेच गेलं, म्हणून हो म्हटलं. त्या बिडीवाल्या बाबांसारखंच आहे माझं, फक्त उलटं. तू असतीस तर मी अजूनही भाकर निवते म्हणाले असते, आणि कदाचित तुझ्या आधी गेले असते. मग तूच माझ्या दारात आली असतीस, आणि आमच्या माणसांनी तुला विचारलं असतं, तुम्ही कोण? तू काय सांगितलं असतंस? डॉक्टर, की दुसरं काही? हा माझा प्रश्न. नीट काढला आहे की नाही ते बघ. उत्तर लिहून दिलेलं नाही, पण बाद करू नको.

तुझी ती प्रश्न काढायची परीक्षा निदा आणि ते दारातले सर मिळून चालू ठेवणार आहेत. सर म्हणाले म्हणे, कुलूप चांगलं निघालं. बरी झाले की मलाही बोलावणार आहेत. मी पलंगावर पडेन, टिकटिक करत. मुलं येतील, घामेजल्या हातानं नळी लावतील. त्यातलं कुणीतरी एक कागद बघून विचारीलच, मावशी, एवढी वर्षं का थांबलात?

उत्तर आता मला येतं, आणि बोलताही येतं. पण या वेळी पेपर फोडणार नाही. बारकी बाजू तेवढी सांगेन, घाबरलेलं असलं तर. बाकीचं त्यांनी विचारून काढावं.

तुझी,
इमल